'वात' या एका शब्दाखाली किती आजार दडतात?

(हितचिंतकांच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





दवाखान्याच्या कामाविषयी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले आहे. किती शिबिरे झाली, किती रुग्ण तपासले, हे आकडे छापील अहवालात आहेतच. ते वाचून दाखवण्याऐवजी मी आज एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे. ही तक्रार तुमच्याही घरात आहे आणि सातपुड्यातल्या पाड्यावरही आहे. ती म्हणजे सांधेदुखी, महिनोन्‌महिने न थांबणारी.

आपल्या उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की कोणाच्या तरी आईचा गुडघा पुढे येतोच. पाड्यावर शिबिर लावले की रांगेतल्या बायाबापड्यांची पहिली तक्रारही तीच असते. गुडघा धरतो, कंबर धरते, हातपाय फुटतात. आणि नावही दोन्हीकडे एकच ऐकू येते, "वात आहे." मग शहरात मलम चोळले जाते, पाड्यावर सुई टोचून घेतली जाते. चार दिवस बरे वाटते, पाचव्या दिवशी दुखणे परत येते.

मला आज तुम्हाला एवढेच पटवून द्यायचे आहे की 'वात' हे आजाराचे नाव नाही. कोणाला ताप आला की आपण लगेच विचारतो, मलेरिया आहे की टायफॉईड? रक्त तपासा म्हणतो. दुखण्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. आठ-दहा निरनिराळे आजार आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि सगळ्यांना एकच गोळी देतो. त्यातला एखादा आजार रोजच्या व्यायामाने आटोक्यात राहण्यासारखा असतो, एखादा पोराच्या हृदयाची झडप खराब करणारा असतो, आणि एखादा आईबापांकडून रक्तातून आलेला असतो.

हे दुखणे किती मोठ्या प्रमाणावर आहे याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉक्टरांच्या पथकाने घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या सुमारे १८ जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. खरा आमवात मात्र दोनशे माणसांत एखाद्यालाच होता. म्हणजे बाकीच्या बहुतेकांना दुसरे काहीतरी झालेले होते. ते दुसरे काय, हे आता एकेक करून पाहू.

झिजेचे दुखणे

सर्वांत जास्त आढळते ते झिजेचे दुखणे. हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, लवचीक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. तिच्यामुळे हाड हाडावर घासत नाही. वय, वजन, जुना मार आणि वर्षानुवर्षांचे ओझे यांनी ही कूर्चा झिजते. दुखणे बहुधा गुडघ्यात, जिना उतरताना, मांडी घालून बसल्यावर उठताना. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. दिवसभर काम केल्यावर दुखते, विसावा घेतला की कमी होते. ही त्याची खूण.

शहरात या दुखण्यामागे बहुतेक वेळा वजन असते. वजन एक किलोने कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजून पाहिलेले आहे. पाच किलो उतरवले तर गुडघ्याला केवढा विसावा मिळतो, याचा हिशोब तुम्हीच करा.

पाड्यावर मात्र गुडघे झिजलेल्या बाईच्या अंगावर बहुधा चरबी नसते. तिच्या डोक्यावर सरपणाचा भारा असतो, कमरेवर हंडा असतो आणि पायांखाली चढ असतो. भातलावणीला दिवसभर वाकून, चुलीपुढे उकिडवे बसून, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊन तिचे सांधे लवकर थकतात. तिला "वजन कमी करा" सांगून काय उपयोग? तिला चूल ओट्यावर घेता आली, पाणी घराजवळ आले, भारा दोन खेपांत आणता आला, तर तिचा गुडघा वाचतो.

दोघींनाही लागू पडणारा उपाय एकच, मांडीचे स्नायू बळकट करणे. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करा, मनात दहापर्यंत मोजा, खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. याला पैसा लागत नाही. काठी घ्यायची झाली तर दुखत्या पायाच्या विरुद्ध हातात घ्यावी. पुष्कळ लोक ती दुखत्या बाजूलाच धरतात आणि सांध्याला काहीच आराम मिळत नाही. दुखते म्हणून अंथरूण धरणे हा उपाय नाही, कारण स्नायू सैल पडले की गुडघा आणखी दुखतो.

आमवात आणि गाऊट

आमवात हे दुखणे निराळे. इथे शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीनपट जास्त आढळतो, तोही ऐन कामाच्या वयात. बोटांची मधली पेरे, मनगटे आणि पायांची बोटे सुजतात, आणि दोन्ही बाजूंची सारखीच. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हात आखडलेले राहतात. भाकरी थापता येत नाही, पिळा पिळता येत नाही. विसाव्याने बरे वाटण्याऐवजी विसाव्यानंतरच जास्त आखडते. झिजेच्या नेमके उलट.

असे सहा आठवडे चालले तर थांबू नये. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. एकदा वाकडी झाली की गोळीने सरळ होत नाहीत. या आजारात मेथोट्रेक्सेट नावाचे औषध बहुधा दिले जाते. त्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून आमच्या परिचारिका पाकिटावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहितात आणि वाचता न येणाऱ्या बाईला आठवडी बाजाराचा दिवस ठरवून देतात. बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. गरोदरपणात हे औषध चालत नाही, म्हणून तरुण बाईने मूल हवे असल्यास ते आधी डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

गाऊट हा तिसरा प्रकार. रक्तात युरिक ॲसिड वाढते आणि त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साठतात. माणूस रात्री बरा झोपतो आणि पहाटे पायाचा अंगठा लालभडक सुजलेला, चादरीचाही स्पर्श सोसवत नाही असा असतो. हा पुरुषांत जास्त. दारूने वाढतो. याला नेमके औषध आहे, आणि ते नियमाने घेतले तर दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात.

तापामागून येणारे दुखणे

चौथे कारण डासाचे. चिकुनगुनियाचा ताप आठवडाभरात उतरतो, पण घोटे, मनगटे आणि बोटे पुढे कित्येक महिने दुखत राहतात. हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ मध्ये त्याची साथ आली होती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ देशात त्याची मोठी साथ आली नाही. २००६ मध्ये मात्र त्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गावेच्या गावे आडवी केली. त्याचे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आले आहे, आणि त्याचा अर्थ दुखण्याने वाकलेल्या माणसाशी जोडलेला आहे. ही साथ अनुभवलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. हे दुखणे बहुतेकांचे हळूहळू ओसरते. धीर, हलका व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध एवढे पुरते. आणि घराभोवती साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकले तर पुढच्या साथीला आळा बसतो.

पाचवे कारण मुलांचे आहे, आणि ते फार फसवे असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजू लागतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर. एक सांधा बरा होतो तोवर दुसरा धरतो. मग सगळेच आपोआप थांबते आणि घरचे म्हणतात, "बरे झाले, वाढीचे दुखणे होते." हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांध्यांना तो काही करत नाही, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करू शकतो. पुढे तीच मुलगी पहिल्या बाळंतपणात धापा टाकू लागते. हा ताप वेळीच ओळखला तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे देऊन हृदय वाचवता येते. म्हणून मुलाचे सांधे पाळीपाळीने सुजत असतील तर हृदयाची तपासणी झालीच पाहिजे.

क्षय सांध्यातही होतो

सहावे कारण क्षयाचे. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. पण तो मणक्यात होतो, खुब्यात होतो, गुडघ्यातही होतो. एकच सांधा किंवा पाठीचा एकच भाग हळूहळू दुखत जातो. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, रात्री झोपेत घाम येतो. अशा माणसाला महिने-महिने मालिश चालू राहिली तर मणका खचून पायांतली शक्ती जाऊ शकते. या क्षयावर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. उपचार लांबतात, बहुधा वर्षभर किंवा त्याहून जास्त, म्हणून सोबत करणारे माणूस लागते.

सिकलसेल

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो.

आपण ज्या नंदुरबार जिल्ह्यात काम करतो, तिथे भिल्ल आणि पावरा समाजात एक रक्ताचा आजार आढळतो, तो म्हणजे सिकलसेल. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटातही तो आहे. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, त्यामुळे बारीक नळीतूनही सरकतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की त्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, एकमेकींत अडकतात आणि रक्ताची वाट बंद करतात. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे कळ उठते. हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत. ही कळ साधी नसते. धडधाकट पोरगा जमिनीवर लोळतो.

तान्ह्या मुलात याची पहिली खूण म्हणजे दोन्ही हातापायांचे पंजे सुजणे. पुढे डोळे पिवळसर दिसतात, अंगात रक्त कमी असते, वारंवार ताप येतो. थंडीत, पाणी कमी प्यायल्यावर, जंतुसंसर्ग झाल्यावर किंवा अतिश्रमाने दुखण्याचा झटका येतो. आश्रमशाळेतले मूल पहाटे गार पाण्याने आंघोळ करते, कवायतीला उभे राहते आणि दुपारी पाय धरून बसते. शिक्षकांना वाटते, पोर आळशी आहे, ढोंग करते. घरी वाटते, बाहेरचे काही लागले आहे. भगताकडे नेतात. आणि कुठेतरी कोणीतरी "वात आहे" म्हणून सुई देतो.

तरुणपणी या आजाराचा आणखी एक घाव बसतो. खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याला होणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ते डोके हळूहळू खचते. वीस-पंचवीस वर्षांचा गडी लंगडू लागतो. त्याला दुखणे जांघेत जाणवते, कधी मांडीत, तर कधी फक्त गुडघ्यात. तो गुडघा दाखवतो, गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो आणि त्याला परत पाठवले जाते. म्हणून तरुण माणूस गुडघा दुखतो म्हणून आला आणि गुडघ्यात काही सापडले नाही, तर खुबा तपासायलाच हवा.

हा आजार कोणाच्या पापामुळे होत नाही, कोणाच्या शापामुळे होत नाही, शिवल्याने पसरत नाही. तो जनुकातून येतो. ज्याला एकाच पालकाकडून हा गुण मिळतो तो वाहक. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो. उलट, वाहकाला लहानपणी मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या जंगलात राहिलेल्या लोकांत हा गुण टिकून राहिला. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, बाळ वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक.

आपल्या देशात हा गुण १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत पहिल्यांदा नोंदवला गेला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करायचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. थोडेसे रक्त घेऊन पहिली चाचणी होते, ती दोषी आली तर दुसरी पक्की चाचणी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे.

आजार समूळ घालवणारी गोळी आपल्या दवाखान्यात नाही. पण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घेतल्याने दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासत राहावे लागते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी, वेळेवर लसी, भरपूर पाणी, थंडीत ऊबदार कपडे आणि ताप आल्याबरोबर दवाखाना. एवढे सांभाळले तर मूल शाळा पुरी करते, संसार करते. पण त्यासाठी ते 'वाता'चे नाही, सिकलसेलचे मूल आहे हे आधी कळले पाहिजे.

पाण्यातून येणारे दुखणे

नंदुरबारहून दूर, पण आपल्याच राज्यात, चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत सांधे आखडण्याचे कारण बोअरच्या पाण्यात असते. तिथे आपल्या सहकारी मंडळ्या काम करतात, म्हणून सांगतो. खोल खडकातून येणाऱ्या पाण्यात फ्लोराईड जास्त असते. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते नसावे. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यावर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि मोठ्यांची मान, पाठ आणि सांधे आखडतात. माणसाला मान वळवण्यासाठी सगळे अंग वळवावे लागते. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. या दुखण्याचा उपाय औषधाच्या पेटीत नाही. बोअर बदलणे, पावसाचे पाणी साठवणे, पाण्याची तपासणी करून घेणे, हेच त्याचे उपाय.

सुई आणि पुडी

इतकी कारणे सांगितली. आता या सगळ्यांवर जो एकच उपाय चालतो, त्याविषयी. बाजाराच्या दिवशी पदवी नसलेले कोणी तरी सुई देतात, किंवा वेगवेगळ्या गोळ्यांची पुडी बांधून देतात. तासाभरात दुखणे थांबते, आणि पोट भरण्यासाठी रोज उभे राहावे लागणाऱ्या माणसाला तेवढेच हवे असते. त्याला दोष कसा द्यायचा? त्याची एक दिवसाची मजुरी वाचते.

पण त्या पुडीत बहुधा दोन गोष्टी असतात. एक वेदनाशामक गोळी, दुसरी स्टेरॉईडची. वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने, उपाशीपोटी घेतली की जठरात जखम होते, काळी शी होते, मूत्रपिंडे खराब होतात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. स्टेरॉईडने चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि खुब्याचे हाड खचण्याचा धोका वाढतो. अंगात क्षय लपलेला असेल तर तो उसळतो. डॉक्टर काही आजारांत स्टेरॉईड विचारपूर्वक, मोजून देतात, ती गोष्ट निराळी. आणि बरेच दिवस घेतलेले स्टेरॉईड एकदम बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून कोणाची पुडी सापडली तर ती फेकून देऊ नका. त्या माणसाला पुडीसकट दवाखान्यात घेऊन या.

आपल्याला काय करता येईल?

आता तुमच्याकडे वळतो. शिबिरासाठी मंडळ्यांकडून औषधांची खोकी येतात. त्यांत सर्वांत जास्त असतात त्या दुखण्याच्या गोळ्या आणि मलमे. ती प्रेमाने पाठवलेली असतात, हे आम्ही जाणतो. पण आज माझी विनंती आहे की त्या गोळ्या पाठवू नका. त्या वाटल्या तर आम्हीही बाजारातल्या पुडीवाल्यापेक्षा फार निराळे ठरणार नाही.

त्याऐवजी दुसरे काही द्या. पाड्यापासून तपासणीच्या जागेपर्यंत रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला जाता येईल एवढे प्रवासाचे भाडे द्या. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट असली तरी जीप फुकट नसते, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. आश्रमशाळेतल्या मुलांसाठी गरम कपडे आणि पाण्याच्या बाटल्या द्या. सिकलसेलच्या मुलाला स्वेटर हे औषधच आहे. ओट्यावरची चूल बांधायला हातभार लावा. आणि औषध सुरू झालेल्या माणसाची दर महिन्याला घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या आरोग्यसेविकेचा खर्च उचला. दीर्घ दुखण्यात औषध सुरू करणे सोपे असते, ते चालू ठेवणे कठीण.

तरुणांनो, शिबिरात मदतीला येता तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाला पाच प्रश्न विचारायला शिका. किती दिवसांपासून दुखते? कोणकोणता सांधा? सकाळी किती वेळ आखडलेले असते? ताप, वजन उतरणे, डोळे पिवळे होणे आहे का? घरात आणखी कोणाला आहे का? या पाच उत्तरांवरून डॉक्टरांचे निम्मे काम होते.

ज्या मंडळ्यांत आदिवासी कुटुंबे आहेत, तिथल्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना विनंती की लग्न ठरण्याआधी, मुले शाळेत असतानाच, सिकलसेलची तपासणी होऊ द्या. कोणाचा निकाल काय आला हे चारचौघांत सांगू नका. आधीच लग्न झालेल्या वाहक जोडप्याला बोल लावू नका, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. आणि कोणत्याही मुलीचे लग्न ती वाहक आहे एवढ्याच कारणाने मोडू देऊ नका. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर मुलाला हा आजार होत नाही.

शेवटी, घरी आणि पाड्यावर, कोणत्या वेळी जराही थांबू नये तेही सांगून ठेवतो. एखादा सांधा अचानक गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. मूल लंगडत असेल किंवा पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी. पायांतली शक्ती जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर लगेच. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला, छातीत दुखले किंवा श्वास लागला तर लगेच. दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला काळी शी झाली तर लगेच. आणि सहा आठवड्यांहून जास्त चाललेले कोणतेही सांध्याचे दुखणे एकदा तरी डॉक्टरांना नीट दाखवून घ्यावे.

आज घरी गेल्यावर आईला किंवा सासूबाईंना नुसते "गुडघा कसा आहे?" असे विचारू नका. "सकाळी किती वेळ आखडलेला असतो? हाताची बोटे सुजतात का? दुखण्याची गोळी रोज घेता का?" असे विचारा. त्यांच्या उत्तरात कदाचित असे काही निघेल, जे गेली दहा वर्षे 'वात' म्हणून झाकलेले होते. पाड्यावर आम्ही तेच प्रश्न विचारत आहोत. ते विचारायला लागणारा वेळ, माणसे आणि प्रवास तुमच्या देणग्यांतून मिळतो.